दोन वॅटचं सुतक

झिरोचा बल्ब म्हणून दुकानदार जो निळा दिवा विकतो, तो प्रत्यक्षात पंधरा वॅट वीज खातो. ही माहिती मी गल्लीत कुणाला द्यायला नको होती. कारण त्याच्या पुढचं वाक्य असं होतं, की माझं अख्खं रेडिओ स्टेशन दोन वॅटवर चालतं. त्या दिवसापासून जळगावच्या आमच्या गल्लीत माझं मुरलीधर हे नाव बंद पडलं. लोक मला 'दोन वॅट' म्हणू लागले. 'झिरो' म्हणाले असते तरी तेरा वॅटांनी बढती मिळाली असती.

ही गोष्ट एकोणनव्वद साली सुरू झाली. हॅम रेडिओ नावाचा एक छंद आहे. सरकारची परवानगी काढायची, घरी एक यंत्र जुळवायचं आणि जगात जी आणखी अशीच परवानाधारक रिकामी माणसं आहेत त्यांच्याशी बोलायचं. तोंडाने नव्हे, मोर्सच्या किल्लीवर टकटक करून. यात पैसेवाले लोक शंभर-शंभर वॅट लावतात आणि ब्राझीलला ऐकू जातात. आमचा कमी ताकदीचा पंथ वेगळा. आमचं म्हणणं असं, की ओरडून ऐकू जाण्यात काय विशेष आहे? आपण अगदी हळू बोलावं आणि दूर कुणीतरी कानात प्राण आणून ते ऐकावं, यात खरी मजा. हे तत्त्वज्ञान मी गल्लीला समजावलं तेव्हा जीवराम नाना म्हणाले, "म्हणजे नोकरी नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून वॅट नाहीत. सरळ सांग की."

जीवराम नाना हे निवृत्त तलाठी. गल्लीत कुणाच्याही घरी काहीही सुरू झालं की त्याची नोंद प्रथम त्यांच्याकडे व्हावी लागते.

परवान्याची परीक्षा मी नागपूरला जाऊन दिली, पास झालो, आणि मग दिल्लीचा कागद पोलीस चौकशीसाठी फिरत फिरत आमच्या दारी आला. सोबत एक हवालदार होते. त्यांनी साबणाच्या डबीत बसवलेलं माझं यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हे पाकिस्तानपर्यंत जातं का?"

"अजून शेजारच्या एरंडोलपर्यंत गेलेलं नाही."

त्यांनी कागदावर 'पोहोच : एरंडोलच्या अलीकडे' असं लिहिलं, आणि माझ्या चारित्र्याविषयी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "चारित्र्य बिघडायला माणूस घराबाहेर पडावा लागतो." हा शेरा अनुकूल समजून माझा परवाना मंजूर झाला.

मग तार. रेडिओला तार लागते, आणि ती उंच लागते. मी आमच्या गच्चीवरून लताबाईंच्या गच्चीपर्यंत तांब्याची तार ताणली. लताबाई मूळच्या धरणगावकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाऊन पाहतो तर माझ्या अँटेनावर दोन लुगडी, एक परकर आणि एक गोधडी.

"लताबाई, ही रेडिओची तार आहे."

"त मी कोठे म्हनी राह्यनू गाडीनी शे? नुसती मोकळी राहीसन काय करी ती?"

 मोकळ्या तारेतून संदेश जातात हे मी त्यांना सांगणार होतो, पण तोवर एकही गेला नव्हता. शेवटी तह झाला. दिवसा तार त्यांची, सूर्य मावळल्यावर माझी. ओली गोधडी राहिली तर माझी ताकद दोन वॅटवरून सव्वावर येते, हा शोध मी त्या काळात लावला. कुठल्याही पुस्तकात तो नाही.

दरम्यान गल्लीत कुणाच्याही टीव्हीचं चित्र हललं की लोक माझ्या खिडकीखाली येऊन हाका मारायचे. दूध नासलं, नळाला पाणी आलं नाही, कुणाची म्हैस आटली, सगळं माझ्या खात्यावर. एकदा पूर्ण गल्लीची वीज गेली, तेव्हाही दोन माणसं येऊन म्हणाली, "बंद कर ते." मी म्हणालो, वीज नाही, ते बंदच आहे. ते म्हणाले, "मग चालू कर."

आणि एका संध्याकाळी, तारेवर एकही कपडा नसताना, माझ्या हाकेला उत्तर आलं. इतकं बारीक, की भिंतीपलीकडे कुणी नखाने डबा वाजवावा. मी नाव-गाव टिपून घेतलं. आई, नाना, लताबाई आणि शेजारचं सगळं बिऱ्हाड तोवर दारात जमा झालं होतं.

"कुठला आहे?" नानांनी विचारलं.

"धुळे."

गल्लीने एक निःश्वास सोडला. नाना म्हणाले, "धुळ्याला दिवसभर एसट्या आहेत," आणि निघून गेले.

धुळ्याचा तो माणूस म्हणजे भाईदास. त्यांचं यंत्रही घरी केलेलं, माझ्याहून अर्ध्या वॅटने कमी. आमच्यात मी श्रीमंत. त्यानंतर दोन वर्षं, गोधडीचे दिवस सोडून, आम्ही रोज संध्याकाळी बोललो. रोमन अक्षरांत मराठी, शब्द तोडून तोडून. मला दुसरं कुणी कधी सापडलंच नाही. जगात लाखो हॅम असतील. माझ्या वाट्याला एकच आला. पण तो रोज यायचा.

काय बोलायचो हे लोक विचारतात. तर परवान्यात एक नियम आहे, आणि तो मी बनवलेला नाही. रेडिओवर हौशी माणसाने फक्त यंत्राविषयी बोलावं, किंवा खाजगी बोलायचं तर इतकं क्षुल्लक बोलावं, की त्यासाठी तार करण्याचा खर्च कुणी केला नसता. थोडक्यात, महत्त्वाचं काही बोललात तर गुन्हा. मी आयुष्यात एवढा एकच कायदा असा पाहिला, की जो आमच्या गल्लीला लागू केला तर सगळे निर्दोष सुटतील. भाईदास नियमाचे पक्के. आवाज कसा येतोय, तार किती उंच आहे, वारा किती, आणि मग न चुकता शेवटचा प्रश्न : जळगावचं तापमान किती?

माझ्याकडे थर्मामीटर आईचा, तापाचा. तो बेचाळीसला संपतो. मे महिन्यात जळगाव संपत नाही. म्हणून मी 'बेचाळीस आणि वर' असं पाठवायचो. ते 'समजलं' म्हणायचे आणि क्षणभर थांबायचे. मला वाटायचं लिहून घेत असतील.

ती दोन वर्षं भरली, आणि एप्रिल संपता संपता भाईदास बंद झाले.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गोधडी. वर जाऊन पाहिलं, तार मोकळी होती. दुसऱ्या दिवशी मी यंत्र उघडून सगळे टाके पुन्हा दिले. आठवडा गेला. रोज संध्याकाळी मी हाक मारायचो, कान देऊन बसायचो, आणि फक्त खरखर ऐकायला यायची. ओळख पक्की झाली की हॅम लोक एकमेकांना कार्ड पाठवतात, त्यावर त्यांचा धुळ्याच्या देवपुरातला पत्ता होता. मी आंतर्देशीय पत्र टाकलं. 'तुम्ही जिवंत आहात ना' असं कसं विचारणार, म्हणून लिहिलं : 'तुमची तार वाऱ्याने पडली आहे का?' उत्तर नाही.

मी अर्ध्या जेवणावरून उठू लागलो. आईने नानांना सांगितलं. पुढचं सगळं या एका वाक्यातून घडलं.

नाना आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी चौकशी सुरू केली. माणसाचं वय? मला माहीत नव्हतं, पण किल्लीचा हात म्हातारा वाटायचा. आजार? माहीत नाही. पत्राला उत्तर? नाही. रोज बोलणारा माणूस एकाएकी गप्प? हो.

"मग आणखी काय पुरावा पाहिजे?" नाना म्हणाले. "तुमच्या रेडिओत अशा माणसाला काय म्हणतात?"

"सायलेंट की म्हणतात," मी म्हणालो. "म्हणजे वारलेला. पण नाना, तसं अजून नक्की..."

"दारावर जावं लागेल," नाना म्हणाले.

आमच्या खान्देशात कुणी गेलं की त्या घरच्या 'दारावर' जातात. जायचं, ओट्यावर बसायचं, बायांनी रडायचं, पुरुषांनी जमिनीकडे पाहायचं, आणि 'येतो' न म्हणता उठून यायचं. लग्नाला नाही गेलं तर माणूस वर्षभर रागावतो. दारावर नाही गेलं तर त्याची नातवंडंसुद्धा तुमच्याशी बोलत नाहीत.

मी म्हणालो, मी एकटा एसटीने जाऊन नुसतं पाहून येतो. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी एकट्याने वरात काढायची म्हणालो. "एकट्याने दारावर जायला त्या माणसाला जळगावात दुसरं कुणी नव्हतं का?"

"नव्हतंच."

"आता आहे," नाना म्हणाले. "दोन वर्षं रोज बोलत होता तुझ्याशी. माझ्या सख्ख्या भावाशी मी दिवाळीला बोलतो, तेही बांधावरून. मग सोयरा कोण झाला?"

मी सुचवलं, आधी तार करून खात्री करू. लताबाई म्हणाल्या, "आनी मरेल व्हयना त तारनं उत्तर कोन दी?" यावर ठराव पास झाला.

सत्तारची मॅटाडोर ठरली. सत्तार आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचा, दिवसा माल वाहायचा, लग्नसराईत माणसं. गुरुवारी सकाळी गाडी भरली. भाईदासांना कधी ऐकलेलंही नाही अशी चौदा-पंधरा माणसं त्यांच्यासाठी पांढरे कपडे घालून आली होती. विधवेसाठी एक साधं लुगडं आणि मुलासाठी टोपी-उपरणं असा दुखवटा बाजारातून घेतला होता. विधवा आहे की नाही, मुलगा आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं; पण नाना म्हणाले, असतातच. मला ड्रायव्हरशेजारची पुढची सीट मिळाली. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. 'दोन वॅट' कुणी म्हणालं नाही. लहानपणापासून मला गल्लीत जो मान हवा होता तो असा मिळाला.

पाळधी गेल्यावर लताबाई मागून पुढे सरकल्या. लताबाई रडण्यात पंचक्रोशीत नावाजलेल्या. त्यांचं रडणं म्हणजे नुसतं रडणं नव्हे. गेलेल्या माणसाचे गुण, सवयी, राहून गेलेल्या इच्छा, सगळं सुरात गुंफून त्या असं रडतात की वैरीसुद्धा डोळे पुसतो. त्यासाठी आधी माहिती लागते.

"मुरली, त्याले पोरे कितला?"

"माहीत नाही."

"बायकोनं नाव?"

"माहीत नाही, लताबाई."

"खावाले काय आवडे त्याले? भरीत? फौजदारी डाळ?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मंग तुले म्हाईत तरी काय शे?"

मी आठवून आठवून सांगितलं. त्यांची तार तीस फूट उंच आहे. यंत्र दीड वॅटचं आहे. देवपुरात पश्चिमेकडून वारा येतो. 'एस' अक्षर पाठवताना ते शेवटचा ठोका जरा लांबवतात.

लताबाईंनी पुष्कळ वेळ विचार केला. मग पदराआड, हळू आवाजात, चालीवर बसवून पाहिलं : "मना तीस फूट तारना भाऊ..." आणि थांबल्या. "नही व्हत भाऊ. बिनमाहितीनं रडता येत नही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कामाचा माणूस हत्यार नसताना जसा बोलेल तसं त्या बोलल्या.

गाडीत सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. मीही. दोन वर्षं रोज बोललो होतो. त्या माणसाच्या घरात चूल कोण पेटवतं हेही मला ठाऊक नव्हतं.

पारोळ्याच्या अलीकडे टायर बसला. सत्तारने जॅक काढला आणि म्हणाला, "मय्यतला जाताना पंक्चर होणं चांगलं असतं."

"कशावरून?" नानांनी विचारलं.

"कशावरून नाही, नाना. पण तुम्ही उन्हात उभे आहात म्हणून म्हटलं."

पारोळ्यात एकाची सासुरवाडी होती, तो म्हणाला चहाला जाऊ. नाना म्हणाले, दारावर जाताना वाटेत कुणाचा उंबरा चढायचा नसतो. तो म्हणाला, मग येताना. नाना म्हणाले, येताना तर मुळीच नाही. धुळे येईपर्यंत तो माणूस माझ्यापेक्षाही जास्त दुःखी चेहऱ्याने बसला.

देवपुरातली ती गल्ली अरुंद होती, गाडी तोंडाशीच लावावी लागली. रीत अशी, की घर दिसलं की बायांनी रडायला सुरुवात करायची. मी कार्डावरचा नंबर पाहून बोट दाखवलं. छपरावर बांबू होता आणि बांबूपासून निघालेली तार. तीस फूट बरोबर असावी.  लताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भांडवल नसताना जेवढा लावता येईल तेवढा सूर लावला. मागून सगळ्या बायांनी उचलला. गल्लीतली दारं उघडली. माणसं ओट्यावर आली.

आणि त्या घराचंही दार उघडलं. आत लेंग्यावर बनियन घातलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला, साठीचा एक माणूस उभा होता. त्याच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

नाना पुढे झाले, त्यांनी हात जोडले आणि वाटेत घोकलेलं वाक्य म्हटलं : "झालं ते फार वाईट झालं."

"हो," तो माणूस म्हणाला.

"आम्ही जळगावहून आलो. भाईदासांच्या दारावर."

"मीच भाईदास," तो म्हणाला. "या. बसा."

लताबाईंचा सूर जिथे होता तिथे तुटला. नानांचे हात जोडलेलेच राहिले. आमची सगळी माणसं मुकाट्याने चपला काढून ओट्यावर आणि आतल्या खोलीत बसली, कारण मेलेल्या माणसाने बसा म्हटल्यावर काय करायचं याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती. ज्या बाईच्या हातात लुगड्याची पिशवी होती ती पिशवीवरच बसली. ते लुगडं बाहेर निघालं असतं तर कुणाच्या वैधव्याचं ते सांगावं लागलं असतं.

भाईदास आमच्याकडे पाहत उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. "महिना होत आला," ते म्हणाले. "कुणी आलं नव्हतं. तुम्ही पहिलेच."

मला तेव्हा कळलं. नानांनाही कळलं असावं, कारण त्यांनी माझा गुडघा घट्ट दाबला.

"आजारी होत्या का?" नानांनी विचारलं. तलाठी माणूस, कुठलंही नाव न घेता प्रश्न विचारायची त्यांना सवय होती.

"दम्याचा त्रास. रात्रीतून वाढला." ते खाली बसले. "सकीना नाव तिचं. नावावरूनच कळलं असेल, कुणी का आलं नाही ते. माझे भाऊ शिरपुराकडे आहेत. ती घरात आली त्या दिवसापासून बोलत नाहीत. तिच्याकडच्यांनीही तोंड पाहिलं नाही पुन्हा. इथली गल्ली चांगली, माती द्यायला सगळे आले. पण दारावर यायला सोयरं लागतं."

 भाईदासांनी चष्मा पुसला आणि आमच्या तोंडांवरून नजर फिरवली.

"तुमच्यात जळगाव कोण?"

सगळेच जळगावचे होते, पण मी हात वर केला. ते माझ्या चेहऱ्याकडे न पाहता माझ्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. त्या हाताशीच त्यांची ओळख होती.

"रोज ऐकत होतो तुला," ते म्हणाले. "सेट लावून बसायचो. तू हाक मारायचास. काल तुझी तार मोकळी होती, आवाज छान येत होता."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"काय देणार? माझा प्रश्न ठरलेला. जळगावचं तापमान किती. तो माझा नव्हताच, तिचा होता. ती इथे पाटावर बसायची भाजी निवडत. तुझा आवाज आला की म्हणायची, विचारा. मी तुझं उत्तर सांगायचो. ती म्हणायची, मग नशिराबादलाही तेवढंच असेल." त्यांनी रिकाम्या पाटाकडे पाहिलं. "नशिराबाद तिचं माहेर. तीस वर्षांत गेली नाही. बातमी आणणारंही कुणी नव्हतं. तूच एक."

बेचाळीस आणि वर, मला आठवलं. समजलं, आणि मग ते क्षणभर थांबणं.

"कळवायचं तरी," मी म्हणालो.

"रेडिओवर कसं कळवणार? नियम आहे. महत्त्वाचं असेल तर तार करा. गेलो होतो तार ऑफिसात. रांगेत माझ्यापुढचा माणूस नातू झाल्याची तार करत होता. त्याने मला पेढा दिला. नाही कसं म्हणणार? खाल्ला आणि घरी आलो. तुझं पत्र आलं. तार पडली का म्हणून विचारलं होतंस. तार तर पडली नव्हती. मग काय लिहू?"

नानांनी जमिनीकडे पाहिलं. ते बराच वेळ रीतीप्रमाणे जमिनीकडे पाहतच होते, पण आता खरंच पाहू लागले.

इतका वेळ लताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या आता पुढे सरकल्या.

"कोनतं गावनी म्हने ती? नशिराबाद?"

"हो."

"आमना गल्लीथून टांगा जास तठे," लताबाई म्हणाल्या. मग आमच्या बायांकडे वळून, बाजारात भाव पक्का करावा तशा आवाजात : "मंग आपीन तिना मायेरना शेतस."

 एका बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढाच ठराव.

"सांगा भाऊ," लताबाई भाईदासांना म्हणाल्या. "काय आवडे तिले? कसाले भ्याये? कोनवर चिडे?"

आणि भाईदास सांगू लागले. तिला भरताची हिरवी वांगी लागायची, इथली चालायची नाहीत. दूधवाल्याशी तिचं रोज भांडण. मांजर आवडायचं नाही, पण त्याला वाटी वेगळी ठेवलेली. विजेला फार भ्यायची. आभाळ वाजलं की यंत्राची तार सुटी करायला तीच धावायची, ह्यांचा भरवसा नाही म्हणून. चहात आलं किती. कोणत्या कुशीवर झोपायची. मी मोजत नव्हतो, पण ते संपतच नव्हतं. लताबाई मान हलवत होत्या. एकदाच म्हणाल्या, "बस भाऊ. आते बस."

आणि पदर तोंडाला लावून त्यांनी सूर काढला.

"मनी सकीनाबाई व... आते ईज चमकनी त तार कोन काढी व माय... मायेरनं ऊन इचारनारी कोठे गयी व माय..."

मी लताबाईंना पुष्कळ वेळा रडताना ऐकलं आहे. त्या दिवशी मध्येच त्यांचा सूर गेला आणि त्या साध्याच रडल्या, नाक ओढत, कुठल्याही चालीशिवाय. समोरच्या ओट्यावरच्या बायाही रडू लागल्या. दाराशी सत्तार उभा होता. त्याने रुमाल डोक्याला बांधला, हात पुढे धरले आणि ओठातल्या ओठात तो काही म्हणत राहिला. ते झाल्यावर त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. भाईदासांनी त्याच्याकडे पाहून मान खाली घातली.

टोपी आणि उपरणं नानांनी भाईदासांना दिलं. "माहेरकडून आहे," ते म्हणाले. लुगड्याच्या पिशवीवर ती बाई शेवटपर्यंत बसून राहिली.

निघताना कुणी 'येतो' म्हणालं नाही. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण तेही करायचं नसतं. गाडीत नाना मागे बसले आणि पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, "आपण कुणासाठी निघालो होतो हे त्या माणसाला कधी कळता कामा नये." आमच्या गल्लीत एकाच्या घरची उसळ खारट झाली तर दुपारपर्यंत ती सगळ्यांना खारट लागते. पण ही गोष्ट आजतागायत कुणी बाहेर नेलेली नाही. पारोळ्याच्या सासुरवाडीचा माणूसही येताना काही बोलला नाही.

पुढे पंधरा-वीस दिवस मी संध्याकाळी यंत्र लावून बसत होतो. हाक मारत नव्हतो. ऐकत असतील तर ऐकत असतील, पण मी काय विचारणार? लताबाई तार सूर्य मावळायच्या आधीच मोकळी करून ठेवायच्या, आणि खालून विचारायच्या, "ऊना का?" मी म्हणायचो, नाही आले.

एका संध्याकाळी ते आले. भिंतीपलीकडे नखाने डबा वाजवावा तसे, नेहमीपेक्षाही बारीक. त्यांनी माझं नाव घेतलं, मी त्यांचं घेतलं. आवाज कसा येतोय ते झालं. वारा झाला. मग ते थांबले. तापमान विचारायची वेळ होती आणि कुणीच विचारलं नाही. खरखर चालू राहिली. ते उठून जातील असं मला वाटलं.

मी पाठवलं : आज काय जेवलात?

पुष्कळ वेळाने उत्तर आलं.

पिठलं. करपलं.

मला पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी कळवलं, की आवाज तुटला, पुन्हा पाठवा. त्यांनी पुन्हा पाठवलं. किती करपलं, कुठून करपलं, पाणी कधी घातलं, हेही या वेळी पाठवलं. मी म्हणालो, अजूनही नीट आलं नाही.